मावळ्यांच्या लढाईत गिटार खुपते, मग व्हायोलिन का नाही?

पेठेबाहेरचा (धागाकर्ता)

पडद्यावर सतरावं शतक चालू असतं आणि मागे गिटार वाजली की आपण उसळतो. 'छावा' (२०२५) आला तेव्हा रहमानच्या संगीताबद्दल 'हे त्या काळाचं वाटत नाही' असं जो तो म्हणत होता. 'बाजीराव मस्तानी'च्या (२०१५) वेळी 'मल्हारी'ने असाच मार खाल्ला. त्या दोन्ही भांडणांचे धागे इथे आहेत, ते पुन्हा उकरायचे नाहीत.

माझी शंका वेगळी आहे. अशाच चित्रपटांत कुणी धारातीर्थी पडलं की व्हायोलिनांचा ताफा एका सुरात रडायला लागतो. चेलो असतात, फ्रेंच हॉर्न असतात, कधी कधी तर अगम्य भाषेत गाणारा कॉयरही असतो. रायगडावर व्हायोलिन होतं का? नव्हतं. मग त्याला सगळं माफ आणि गिटारनेच काय घोडं मारलंय?

शिवाय 'त्या काळचं संगीत' आपल्यापैकी ऐकलंय कुणी? आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. त्याआधीचं सगळं वर्णनांवरून, चित्रांवरून आणि घराण्यांत-वाडीवस्तीत जे टिकलं त्यावरून. मला दाट संशय आहे की आपण ज्याला 'काळाला साजेसं' म्हणतो ते फक्त आधीच्या सिनेमांना साजेसं असतं.

मतं येऊ द्या. 'भावना दुखावल्या' एवढंच लिहून पळू नका, नेमकं काय वाजल्यावर दुखावल्या तेही लिहा.

टवाळ_टोणगा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जागा पकडून ठेवतो.

अनुराधा_मिरज

तुमचा संशय रास्त आहे. मी गाणं शिकवते, त्यामुळे माझं दुखणं गिटारच्याही अलीकडचं आहे.

'मुगल-ए-आझम'मध्ये (१९६०) तानसेनासाठी आवाज आहे बडे गुलाम अली खाँसाहेबांचा. सोहनीतलं ते गाणं मी कितीही वेळा ऐकेन. पण तानसेन ध्रुपदिया होता, म्हणजे ध्रुपद ही जुनी, धीरगंभीर गायकी गाणारा. ख्याल ही नंतरची गायकी दरबारात मानाने बसली ती सदारंग या गवयामुळे, मोगल बादशहा महंमदशहा रंगील्याच्या काळात, म्हणजे अकबर जाऊन शंभरावर वर्षं झाल्यानंतर. ठुमरीचं ते अंग तर त्याच्याही पुढचं. 'बैजू बावरा'त (१९५२) अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर अकबरासमोर देसी रागात जुगलबंदी करतात, तीही ख्यालाच्याच वळणाची. साथीला तबला. तबला अठराव्या शतकातला, अकबराच्या पदरी पखवाज असणार. म्हणजे दोन्ही चित्रपटांच्या संगीतकार नौशादसाहेबांनी आपल्याला दोन-तीनशे वर्षं पुढचं संगीत ऐकवलं आणि आपण 'व्वा, काय काळ उभा केलाय' म्हणून माना डोलावल्या.

आता गंमत बघा. पहिला बाजीराव १७३७ साली दिल्लीच्या वेशीवर धडकला. तेव्हा तख्तावर हाच रंगीला होता आणि ख्याल त्याच्याच दरबारात आकाराला येत होता. त्या वर्षी पुण्यात कुणी ख्याल गायला असता तर तेच नव्या फॅशनचं दिल्लीचं गाणं ठरलं असतं, आणि शनिवारवाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली असती.

टवाळ_टोणगा

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. म्हणजे म्हातारे राहायला येऊन पाचच वर्षं झाली होती, आणि नाकं मुरडायला लागलेसुद्धा. पुणं ते पुणंच.

शंभू_शिंगणापूरचा

अनुराधाताई, माहिती झकास. पण ध्रुपद की ख्याल हे तुम्हा गाणाऱ्यांना कळतं. माझ्या कानाला दोन्ही सारखीच जुनी. मला त्या दरबारात बसल्यासारखं वाटतं, काम झालं.

गिटार वाजली की मला हॉस्टेलची गच्ची आठवते. व्हायोलिन वाजलं की काहीच आठवत नाही, फक्त वाईट वाटतं. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं एवढंच आहे. वाद्य किती जुनं याच्याशी प्रेक्षकाला घेणं नाही. ते वाजल्यावर तो खुर्चीतून उठून भलतीकडे जातो का, एवढंच बघायचं.

फोडणीचा_भात

+१ शंभू. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

कोल्लापुरी_तांबडा

भालजींचं पिक्चर बघा की. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४). संगीत आनंदघन, म्हंजे आपल्या लताबाईच. त्यात काय ऑर्केस्ट्रा न्हवता व्हय? पर कान कुरकुरत न्हाई, कारन चाल मातीतली हाय. चाल मातीतली आसंल तर वाद्य कुटलंबी चालतंय. चाल बाहेरची आसंल तर तुतारी वाजवून बी ती बाहेरचीच वाटनार.

नऊवारी_नऊ_वाजता

मला 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' खुपलं, आणि त्यात गिटार नव्हती.

आमच्याकडे मंगळागौर अजून जागवतात. पिंग्याला वाद्यच नसतं हो. पदर खोचायचा, कमरेत वाकायचं, दोघींनी समोरासमोर गरागरा घुमायचं. ठेका पायांचा, आणि तोंडाने जो घुमारा काढतात त्याचा. दोन मिनिटांत धाप लागते, अंबाडे सुटतात, कुणीतरी हसता हसता पडतं. दिसायला ते मुळीच देखणं नसतं, कारण बघायला कुणी नसतं. बायकांनी बायकांत खेळायचा खेळ तो.

चित्रपटात त्याचं लावणीच्या ठसक्याचं झगझगीत नृत्य झालं. श्रेया घोषाल आणि वैशाली माडे गायल्यात सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण नाव पिंगा आणि अंगात लावणी, हे मला 'मल्हारी'पेक्षा जास्त टोचलं. 'मल्हारी' निदान सोंग घेत नाही. विशाल ददलानी पहिल्या ओळीपासून सांगतोय की बाबांनो, हा आजचा दंगा आहे.

शंका_कुशंका

काशीबाईंना पायाचा त्रास होता म्हणतात, आणि इथे त्या मस्तानीबरोबर नाचतात. वाद त्यावर झाला. संगीतावर कुणी बोललंच नाही.

'छावा'चंही तेच. ट्रेलरमध्ये शंभूराजे लेझीम खेळताना दिसले. लेझीम आपली, ढोल आपला, गिटारचा पत्ता नाही. तरी ओरड झाली आणि दिग्दर्शक उतेकरांनी तो प्रसंग काढला. राजा नाचताना दाखवायचा की नाही, हे खरं भांडण. संगीताचा काळ वगैरे नंतर सुचलेली कारणं आहेत.

शंभू_शिंगणापूरचा

'सुचलेली कारणं' म्हणून झटकू नका. आमच्या घरात महाराजांचा फोटो देवघरात आहे. देवघरात मीही मोबाईलची रिंगटोन सायलेंट करतो. ज्याला तुम्ही फक्त एक पात्र म्हणता त्याला मी नमस्कार करतो. मग तिथे काय वाजावं याबद्दल मी जास्त हळवा असणारच, आणि त्याचा मला संकोच नाही.

डेट्रॉईटचा_दामू

इकडची दोन उदाहरणं देतो, आपल्यापेक्षा हे लोक किती बिनधास्त आहेत ते कळेल.

'अ नाइट्स टेल' (२००१). काळ चौदावं शतक, घोड्यावरून भाल्याने एकमेकांना पाडायच्या स्पर्धा. सुरुवातीलाच मैदानाभोवतीचे गावकरी क्वीन बँडच्या १९७७ च्या गाण्यावर बाकं बडवतात. नुसतं पार्श्वसंगीत नाही, पडद्यावरची माणसंच त्यावर ठेका धरतायत! पण खरी कारागिरी पुढे नाचाच्या प्रसंगात आहे. सुरू होतं जुन्या वळणाच्या सुरावटीने, संथ, समोरासमोर रांगा, हात वर हात खाली. मग ठेका इतका बेमालूम सरकत जातो की कधी कळतच नाही, पण आपण डेव्हिड बोवीच्या १९७५ च्या गाण्यात येऊन पोचलेलो असतो आणि सगळा दरबार खांदे उडवत असतो. सांगायचं ते स्पष्ट आहे: त्या पोरांना त्यांचा नाच असाच वाटत असणार, आपल्याला वाटतो तसाच.

दुसरा सोफिया कोपोलाचा, फ्रान्सच्या राणीवरचा 'मारी आंत्वानेत' (२००६). अठराव्या शतकाच्या मुखवट्यांच्या नाचाला १९७८ चं पंक गाणं. खरेदीच्या प्रसंगात रेशमी बुटांच्या राशीत एक कॉन्व्हर्सचा जोड ठेवलेला दिसतो. कान महोत्सवात काहींनी हुर्यो केली. मला आवडला. चौदा वर्षांची पोर परक्या राजवाड्यात आणून टाकलीय, तिला कंटाळा आलाय, हे जुन्या वाद्यांनी मला कळलं असतं की नाही, शंका आहे. आणि त्याच चित्रपटात त्या काळाच्या फ्रान्समधला संगीतकार रामोही वाजतो. दोन्ही.

फोडणीचा_भात

दामू, तो राणीचा सिनेमा मी अर्ध्यात बंद केला. गाण्यांमुळे नव्हे, त्यात काही घडतच नव्हतं.

डेट्रॉईटचा_दामू

अहो, तिच्या आयुष्यातही काही घडत नव्हतं. आणि जेव्हा घडलं तेव्हा फारच घडलं.

टवाळ_टोणगा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मान गये.

संबळवाला

मी या कामात आहे म्हणून लिहितो. नाव, चित्रपट विचारू नका.

ऐतिहासिक मालिका-सिनेमांना आम्हाला बोलावतात. संबळ, हलगी, दिमडी, कधी तुणतुणं. स्टुडिओत एसी. हलगीचं कातडं गारव्याने उतरतं. मग बाहेर जिन्यात कागद पेटवायचे, कातडं शेकायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं, आवाज चढला की पळत आत. दोन टेक होईस्तोवर परत ढब. वॉचमन दरवेळी ओरडतो. रेकॉर्डिस्ट म्हणतो, काका, सॅम्पल वापरू का?

दुसरी भानगड क्लिकची. कानात टकटक टकटक एकाच गतीने वाजत राहणार, त्यावर वाजवायचं. गोंधळात लय चढती असते. आवाहन सुरू होतं तेव्हाची गती आणि संचार होतो तेव्हाची गती यात जमीन-अस्मानाचा फरक. क्लिक चढत नाही. आमच्यातले जुने वाजवणारे हेडफोन घातला की हात आखडतात. अरेंजर काचेपलीकडून सांगणार, 'काका, पुढे पळू नका.' अरे, पुढे पळणं हेच तर वाजवणं आहे.

आणि एवढं करून सिनेमा लागला की ऐकायला जावं, तर आमचे ट्रॅक तळाशी दाबलेले आणि वर धडाम धडाम कसले तरी राक्षसी ढोल. ते ढोल कुठले माहितीय? बहुतेक वेळा जपानी तैको. सॅम्पलच्या तयार लायब्रऱ्या मिळतात, हॉलिवूडच्या ट्रेलरला वापरतात त्याच. रोमन लढाई असो, परग्रहावरची असो नाहीतर सिंहगडावरची, सगळ्या भाज्यांना पाकिटातला एकच मसाला. मावळे जपानच्या ढोलावर कडा चढतात आणि हजार प्रेक्षकांत एकालाही खुपत नाही! गिटार बिचारी ओळखू येते म्हणून शिव्या खाते.

अनुराधा_मिरज

संबळवाले, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. चढत्या लयीचं तर अगदी अगदी.

पेठेबाहेरचा

तैको! हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझ्या यादीत व्हायोलिनच्याही वर एक आरोपी आला.

कावेरीकाठचा

व्हायोलिनची बाजू मांडायला वकील हवा होता ना? मी चेन्नईत असतो, तंजावरच्या मराठी घरातला. बोली आमची थोडी निराळी, सांभाळून घ्या.

रायगडावर व्हायोलिन नव्हतं, कबूल. पण मराठ्यांच्या दरबारात ते आलंच नाही असं नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळलं तेही त्याच सुमारास. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासकडे ते शिकले. 'तंजावर चौघे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलूंचंही नाव त्यात घेतात. इकडे आज व्हायोलिनशिवाय कच्चेरी (मैफल) होत नाही आणि कुणी त्याला परकं समजत नाही.

तेव्हा सरफोजीराजांवर कुणी चित्रपट काढला आणि त्यात व्हायोलिन वाजलं, तर कृपा करून 'इतिहासाची मोडतोड' म्हणून मोर्चा काढू नका. तिथे ते अस्सल असेल.

शंका_कुशंका

त्यांच्यावर चित्रपट निघायची शक्यता किती? त्यात लढाई नाही, ग्रंथालय आहे.

कावेरीकाठचा

ते दुःख आमचं जुनंच आहे.

रा_रा_रमाकांत

अवांतर: पेशवाईवरच्या मालिकांत बैठकीला पायपेटी, हातपेटी सर्रास दिसते, त्यावर कुणी लिहिलं नाही? हार्मोनियम पॅरिसमध्ये घडली १८४० च्या सुमारास. दुसरा बाजीराव १८१८ मध्येच राज्य घालवून बसला होता. ऐकू येणारं एकवेळ सोडा, पण हे डोळ्यांना दिसतं!

टवाळ_टोणगा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे (पेटीवाल्या काकांनी दम दिला)

रा_रा_रमाकांत

मूळ मुद्द्यावर. दामूंनी परदेशातलं सांगितलं, पण आपल्या रंगभूमीने हे उद्योग कधीच केलेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० चं. कण्वाच्या आश्रमात दुष्यंत साक्या-दिंड्या अशी मराठी वळणाची पदं म्हणतो, लावणीच्या चाली येतात. महाभारतकाळात साकी होती का, असं विचारून तिकिटाचे पैसे कुणी परत मागितल्याचं वाचनात नाही. प्रेक्षकांना त्यांच्या ओळखीच्या चालीत दुष्यंत भेटला आणि तो आवडला. आज ते 'अस्सल परंपरा' झालंय, तेव्हा ते चालू जमान्याचं संगीत होतं. 'कट्यार काळजात घुसली'चंही बघा. १९६७ च्या नाटकात अभिषेकीबुवांची पदं, २०१५ च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉयनी 'यार इलाही' ही कव्वाली घातली. आमच्यासारखे जुने प्रेक्षक कपाळाला हात लावून बसले होते. पोरं तीच गुणगुणत बाहेर पडली.

शंभू_शिंगणापूरचा

काका, रंगभूमीवर कुणी 'हे अस्सं घडलं' असा दावा करत नव्हतं. पडदा वर जायचा तोच मुळी सूत्रधार आणि नटी घेऊन. सिनेमा सुरुवातीला इतिहासतज्ज्ञांची नावं दाखवतो, दागिने-मुद्रा-पगड्यांवर किती संशोधन केलं ते मुलाखतीत सांगतो. मग संगीताच्या वेळी 'कलात्मक स्वातंत्र्य' कसं आठवतं? पगडीचा पीळ तपासणार असाल तर मीही कान टवकारणार.

पेठेबाहेरचा

शंभू, इथे मात्र तुम्ही मला पकडलंत. 'अ नाइट्स टेल' पहिल्याच प्रसंगात पत्ते उघडे टाकतो, म्हणून पुढे काहीही चालतं. आपले चित्रपट दोन तास अस्सलपणाची शपथ घेतात आणि मग एक गाणं सोशल मीडियावर चालावं म्हणून घुसवतात.

जुना_पंखा

कुब्रिकचा 'बॅरी लिंडन' (१९७५) कुणीच काढला नाही? मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण करण्यासाठी अंतराळ मोहिमांसाठी बनवलेली भिंगं कॅमेऱ्याला बसवणारा माणूस. काळाच्या बाबतीत एवढा कर्मठ. गोष्ट संपते १७८९ मध्ये, आणि प्रेमाच्या प्रसंगात वाजते संगीतकार शूबर्टची १८२७ ची, तीन वाद्यांसाठीची रचना. शूबर्टचा जन्मच १७९७ चा! अठराव्या शतकातलं त्याला हवं तसं व्याकुळ काही सापडेना, म्हणून पुढच्या शतकातून उचललं. चाळीस वर्षांची ती चोरी पकडायला संगीताचा विद्यार्थीच लागतो.

'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) तर सरळ सिंथेसायझरवर. पॅरिसचं १९२४ चं ऑलिंपिक आणि संगीतकार वांगेलिसचं यंत्र. ऑस्कर मिळालं वर. आता समुद्रकिनारी धावणारा माणूस दिसला की तेच कानात वाजतं.

नऊवारी_नऊ_वाजता

मग 'आधी बीज एकले' घ्या ना.

प्रभातच्या 'संत तुकाराम'मधलं (१९३६). ते तुकोबांचं नाहीच. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. हेच भोळे तीन वर्षं आधी 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला नव्या वळणाचं, भावगीतासारखं संगीत देऊन बसले होते. म्हणजे माणूस अगदी आधुनिक. आणि तरी त्या गाण्याला तुकोबांचा अभंग समजून आजही लोक हात जोडतात. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात मी एकदा म्हटलं, 'अहो, हे सिनेमातलं', तर अध्यक्षबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाळ घेऊन मागच्या रांगेत गेले.

अनुराधा_मिरज

नऊवारीताई, हे या धाग्यातलं सगळ्यात अवघड उदाहरण आहे. कारण पेठेबाहेरच्यांच्या म्हणण्यानुसार ते 'फसवणूक' ठरतं, पत्ते उघडे टाकले नाहीत. आणि तरी ते मला 'मल्हारी'पेक्षा लाख पटीने प्रामाणिक वाटतं. भोळे-आठवले अभंग कुठे श्वास घेतो ते ओळखून होते. ठेका, चरणाची लांबी, ध्रुवपदावर परत येण्याची पद्धत, सगळं वारकऱ्याच्या कानाचं. मगाशी तांबडा म्हणाले ती 'मातीतली चाल' हीच.

कोल्लापुरी_तांबडा

मी कवापास्नं तेच सांगतोय. पर शुद्ध भाषेत सांगितल्याशिवाय हितं कुनाला पटत न्हाई.

शंका_कुशंका

म्हणजे चांगलं संगीत चांगलं आणि वाईट ते वाईट. यासाठी एवढा धागा?

पेठेबाहेरचा

नाही, तसं नाही. 'मल्हारी' वाईट संगीत नाही, लग्नात मी त्यावर नाचलोय. तेच गाणं युद्धातून परतलेल्या पेशव्याच्या तोंडी आलं की माझ्यासमोर बाजीराव राहत नाही, रणवीर सिंग राहतो. 'आधी बीज'च्या वेळी तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस नाहीसे होतात. संबळवाल्यांच्या तैकोच्या वेळी तर सगळेच नाहीसे होतात, फक्त ट्रेलर उरतो. गिटारबद्दल माझा आग्रह मी सोडत नाही: शंभूराजांच्या एकटेपणाला कुणी एकच गिटार नीट वाजवली, तर मी ऐकेन.

शंभू_शिंगणापूरचा

तुम्ही ऐका. मी त्या वेळी पाणी प्यायला बाहेर जाईन.

संबळवाला

पुढच्या आठवड्यात शिवकाळावरच्याच एका मालिकेचं शीर्षकगीत आहे. मला हलगीसाठी बोलावलंय. निरोप आलाय: 'काका, फील रॉकचा पाहिजे, पण साउंड ऑथेंटिक.'

टवाळ_टोणगा

कुठल्या वाहिनीवर?

संबळवाला

सांगितलं तर त्यापुढचं काम तुम्ही देणार का?